माळेगांवची जत्रा व लाल कंधारी बैलाची वंशावळ

माळेगांव हें नांदेड जिल्ह्यांतील लोहा तालुक्यांत, नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें एक साधारण खेडें होय. पूर्वीं तें कंधार तालुक्यांत मोडत असे. गांवांत खंडोबाचें देऊळ आहे, आणि दरसाल मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास येथें जी जत्रा भरते ती मराठवाड्यांत व त्याच्या शेजारच्या कर्नाटक-तेलंगणांत सर्वश्रुत आहे. देवस्वारी व पालखी, कुस्त्यांची दंगल, लावणीचे फड, घोड्यांचा बाजार आणि मुख्यतः गुरें, यांसाठीं लोक येथें लोटतात. गेल्या मार्गशीर्षांत प्रस्तुत लेखकास तेथें एक सबंध दिवस घालविण्याचा योग आला. इतिहासाच्या अभ्यासकानें ताम्रपट आणि बखरी सोडून गुरांच्या बाजारांत काय शोधावें, अशी शंका वाचकांपैकीं कोणास येईल. आम्हांसहि जातांना ती होतीच. परंतु माळावर पोंचून घटकाभरहि झाला नाहीं तोंच ध्वनिक्षेपकावरून जें ऐकूं आलें, त्यानें ती शंका फिटली.

प्रदर्शनाच्या मांडवांत लाल कंधारी बैलांची ओळ लावलेली होती आणि प्रेक्षकांस माहिती सांगितली जात होती. ही जात चौथ्या शतकांतली. कंधार येथें राज्य करणाऱ्या सोमदेवराय राजानें तिला आश्रय दिला. तेव्हांपासून ती या मुलखांत शुद्ध स्वरूपांत चालत आली आहे, असें तिचें सार. सांगणाऱ्यानें हें मनानें रचलेलें नव्हतें. पशुसंवर्धनावरील पुस्तिकांतून हें विधान वारंवार छापलें गेलें आहे, आणि एका पुस्तिकेवरून दुसरीनें तें जसेंच्या तसें उचललें आहे. बैलाची वंशावळ सोळाशें वर्षें मागें नेणारें हें विधान कितपत टिकतें, व तें टिकत नसल्यास या बैलाचा इतिहास सांगण्यास दुसरें कोणतें साधन आपल्या हातीं आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम मांडवाविषयीं. माळावर गुरांचीं ठिकाणें दोन, एक बाजार आणि दुसरें प्रदर्शन. दोहोंमध्यें अंतर हांकेचें असलें तरी वयाचें अंतर मोठें आहे. बाजार देवाच्या निमित्तानें व देवाच्या तिथीला भरतो. प्रदर्शन जिल्हा परिषद भरविते. आणि महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजीं अस्तित्वांत आल्या, तेव्हां प्रदर्शनाचें आजचें रूप त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. गुरें ओळीनें उभीं करून, त्यांचीं लक्षणें तपासून, परीक्षकांनीं पहिला-दुसरा क्रमांक लावावा ही पद्धतच मुळांत परकी आहे. इंग्लंडांत १८३८ सालीं स्थापन झालेल्या शेतकी संस्थेनें आपलें पहिलें मोठें प्रदर्शन १८३९ सालीं ऑक्सफर्ड येथें भरविलें. हिंदुस्थानांत कलकत्त्यास १८६४ सालीं शेतकी प्रदर्शन झालें, आणि लगेच पुढच्या वर्षीं, १८६५ च्या डिसेंबरांत, सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकीर्दींत नागपुरास तसेंच एक प्रदर्शन भरलें. या प्रदर्शनांबरोबर नांगर आणि बीं-बियाणें तर आलींच, पण त्यांपेक्षां दूरवर परिणाम करणारी एक कल्पनाहि आली. ती म्हणजे गुराची 'जात' ठराविक रंगाची, ठराविक शिंगांची व लेखी वंशावळीची असते ही. विलायतेंत शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळ-वही १८२२ सालीं छापली गेली. तत्पूर्वीं गुरें मुलखाच्या नांवानें किंवा रंगारूपानें ओळखलीं जात.

आपल्याकडेहि तोच प्रकार होता. लाल कंधारीला या भागांत 'लखलबुंदा' असें दुसरें नांव आहे. तें ऐकतांच मराठींतील 'लालबुंद' हा शब्द आठवतो, आणि लाखेच्या रंगाशींहि त्याचा संबंध लावण्याचा मोह होतो. परंतु अशा व्युत्पत्ति सोप्या असतात म्हणूनच त्यांपासून सावध राहावें. एवढें मात्र उघड आहे कीं हें नांव रंगावरून पडलेलें दिसतें, राजावरून पडलेलें नाहीं. शेजारच्या देवणी गुरांचें उदाहरण याहून बोलकें आहे. देवणी हें गांवाचें नांव. तें आतां लातूर जिल्ह्यांत आहे. या गुरांना 'डोंगरपट्टी' असेंहि म्हणत. त्यांत रंगावरून तीन भेद मानतात. अंग पांढरें व तोंड काळें तो वानेरा. अंग पांढरें पण पोटाकडे काळे ठिपके तो बालंक्या. सर्वांगावर काळेपांढरे ठिपके तो शेवरा. हीं नांवें गुराख्यांनीं व शेतकऱ्यांनीं पाहून ठेवलेलीं आहेत. पशुशास्त्रज्ञांच्या मतें देवणी ही गीर, डांगी व स्थानिक गुरें यांच्या मिश्रणांतून तयार झाली. म्हणजे ज्या जातीला आज शुद्ध म्हणून बक्षीस मिळतें तिचा उगम मिसळींतच आहे. यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. भाषा, पंथ आणि राजघराणीं यांचीहि तीच कथा आहे.

आतां सोमदेवरायाकडे वळूं. कंधार हें प्राचीन स्थळ आहे यांत शंका नाहीं. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याला लेखांतून 'कंधारपुरवराधीश्वर' ही पदवी लावलेली आढळते. त्याच्या काळचा शिलालेख खुद्द कंधार येथें मिळाला आहे, व तेथील 'जगत्तुंगसमुद्र' नांवाच्या तलावाचा त्यांत उल्लेख आहे. पण तिसऱ्या कृष्णाचा काळ इसवी सन ९३९ ते ९६७ हा, म्हणजे दहावें शतक. त्यावरून चौथ्या शतकांत तेथें राजा होता असें सिद्ध होत नाहीं. कोणी कदाचित् सोमदेव या नांवाकडे बोट दाखवील. याच तिसऱ्या कृष्णाच्या काळीं सोमदेव नांवाचा एक प्रसिद्ध जैन ग्रंथकार होऊन गेला, व त्यानें आपला 'यशस्तिलक' हा ग्रंथ शके ८८१ मध्यें पुरा केला. तो सूरि होता, राजा नव्हता. आणि बैलाशीं त्याचा संबंध जोडण्यास नामसाम्याखेरीज कांहींच नाहीं. नामसाम्यावर इमले उठविण्याची संवय आपल्या क्षेत्रांत आधींच पुष्कळ आहे, तींत भर नको.

खुद्द चौथ्या शतकासंबंधीं मात्र आपण अगदींच निराधार नाहीं. १९३९ सालीं वाशीम येथें वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट सांपडला. हा राजा वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथून राज्य करणाऱ्या शाखेचा, आणि त्याचा काळ चौथ्या शतकाचा उत्तरार्ध. या ताम्रपटांत 'नांदीकड' नांवाच्या प्रदेशांतील गांवाचें दान आहे, व नांदीकड म्हणजे आजचें नांदेड, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी आदि विद्वानांनीं ठरविलें आहे. तेव्हां ज्या शतकांत सोमदेवरायानें कंधारच्या बैलांस आश्रय दिला असें सांगतात, त्या शतकांत त्याच मुलखावर वाकाटकांची सत्ता होती हें समकालीन लेखानें कळतें. त्यांच्या हाताखालीं एखादा मांडलिक नसेलच असें छातीठोकपणें म्हणतां येणार नाहीं. परंतु इतिहासांत एखादी गोष्ट असूं शकेल एवढ्यावरून ती होती असें लिहितां येत नसतें. पुरावा देण्याची जबाबदारी विधान करणाऱ्यावर असते.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वाकाटकांचे ताम्रपट बैलाविषयीं अगदींच मुके नाहींत. अचलपुराजवळील चम्मक येथें सांपडलेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गांवास कोणकोणत्या जाचांतून मोकळें केलें याची यादी आहे. सैनिकांनीं व राजसेवकांनीं गांवांत शिरूं नये. फुलें व दूध मागूं नये. आसनाकरितां चामडें आणि कोळसा घेऊं नये. याच यादींत 'अपारंपरगोबलिवर्द' असें एक पद येतें. पाळीपाळीनें गाई-बैल पुरविण्याच्या जबाबदारींतून गांव मुक्त, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे ज्या गांवांना अशी सूट नव्हती त्यांतील कुणब्याच्या दावणीचा बैल राजाच्या माणसानें ओढून न्यावा, हा त्या काळचा नेम होता. राजानें बैलाला आश्रय दिल्याची कथा पुस्तिकांत आहे. राजानें बैल घेतल्याची साक्ष तांब्यावर कोरलेली आहे. दोहोंतील कोणती गोष्ट ध्वनिक्षेपकावरून सांगण्याजोगी आहे हा प्रश्न निराळा.

हा विचार डोक्यांत घोळत असतां मांडवांतील निकाल लागला. लाल कंधारीचीं ठरविलेलीं लक्षणें अशीं: रंग सर्वांगीं एकसारखा गडद लाल, फिकटापासून तपकिरीपर्यंत चालेल, वळूचा रंग गाईपेक्षां गडद, कपाळ रुंद, कान लांब व लोंबते, डोळे पाणीदार आणि त्यांभोंवतीं काजळ घातल्यासारखें काळें कडें, शिंगें मध्यम व सारख्या वळणाचीं. ओळींत एका म्हाताऱ्याचा सहादाती बैल होता. छाती, खूर, पाय सर्व निर्दोष. परंतु पोटाखालीं तळहाताएवढा पांढरा डाग. त्यास क्रमांक मिळाला नाहीं. परीक्षकांचें चुकलें असें आम्ही म्हणणार नाहीं. जात टिकवावयाची तर लक्षणें ठरवावीं लागतात, आणि लक्षणें ठरविलीं म्हणजे डाग हा दोषच. म्हाताऱ्याशीं बोलतां बोलतां आम्हीं विचारलें, "मामा, ही जात किती जुनी म्हणायची?" तो म्हणाला, "ते मला कसं कळावं, सर? आमच्या आज्याच्या दावणीला अशेच होते, येवढं ठावं हाय." तीन पिढ्यांपलीकडचें तो बोलला नाहीं. साक्षीदार म्हणून आम्हांस तो मांडवांतील वक्त्याहून विश्वसनीय वाटला.

त्याच्यामागोमाग आम्ही बाजारांत गेलों. येथें बैलाची परीक्षा अगदीं दुसऱ्या रीतीनें होते. प्रथम तोंड उघडून दांत पाहतात. दुधाचे दांत न पडलेला तो 'आदत'. हा शब्द संस्कृत 'अदंत' यावरून आला असावा. मग दोन दांतांचा 'दुसा', चार दांतांचा 'चौसा', पुढें सहादाती, आणि आठहि दांत आले म्हणजे 'जुळलेला'. पहिली जोडी सुमारें अडीच वर्षांच्या वयांत येते व पांच वर्षांच्या आसपास दांत भरतात; तेव्हां ज्यास जन्माचा दाखला नाहीं अशा जनावराचें वय सांगण्यास हें कोष्टक पुरेसें आहे. जुळल्यानंतरचें वय दांतांच्या झिजेवरून काढतात, व फसवणुकीचें क्षेत्र तेथून सुरू होतें. त्यानंतर खांदा चांचपतात, वशिंड पाहतात, खूर उचलतात, अंगावरचे भोंवरे मोजतात, आणि अखेरीस बैल चालवून पाहतात. मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर पडतो कीं नाहीं, बैल मारका आहे कीं गरीब, चाबूक न उगारतां वळतो कीं नाहीं. पोटाखालच्या पांढऱ्या डागाकडे कोणीहि पाहिलें नाहीं. औताला जुंपल्यावर डाग आड येत नाहीं.

हा बाजार मार्गशीर्षांतच कां भरावा, याचें उत्तर अर्धें देवाकडे व अर्धें शेताकडे आहे. चतुर्दशी ही शिवाची तिथि, आणि खंडोबा शिवाचा अवतार मानला जातो. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी ही त्याची चंपाषष्ठी नुकतीच होऊन गेलेली असते. शेताकडून पाहिलें तर खरीप घरांत आलेला असतो, कापसाचे पैसे हातीं येऊं लागतात, रब्बीची पेरणी उरकून बैल मोकळे झालेले असतात, आणि खरीप ज्वारीचा कडबा निघाल्यामुळें वाटेंत जनावरांस वैरण मिळते. विकणाऱ्याला व घेणाऱ्याला सोयीचा असा याहून दुसरा महिना नाहीं. खंडोबा हा देवहि अशा मेळाव्यास शोभणाराच आहे. त्याची एक बायको म्हाळसा वाण्याची, दुसरी बाणाई धनगराची. मेंढरें-गुरें राखणारा आणि तराजू धरणारा, दोघेहि त्याचे सासरकडचे. डॉ. रा. चिं. ढेरे यांचें 'खंडोबा' हें पुस्तक १९६१ सालचें, व जर्मन पंडित गुंथर सोंथायमर यांनीं धनगर आदि पशुपालकांच्या दैवतांवर पुढें केलेलें काम, हीं या बाबतींत ज्यांनीं वाचलीं नसतील त्यांनीं अवश्य वाचावीं.

सौदा कसा होतो हें पाहण्यासाठीं आम्ही मुद्दाम थांबलों. गुरांचा फिरता व्यापार करणाऱ्यास हेडी म्हणतात. हा एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेस जनावरें हांकीत नेतो. म्हाताऱ्याच्या बैलापाशीं असाच एक हेडी व एक दलाल येऊन बसले. दलालानें म्हाताऱ्याचा हात हातांत घेतला व वर रुमाल टाकला. तोंडानें बोलणें चाललें होतें तें पावसाचें आणि पोराच्या लग्नाचें. भाव ठरत होता तो रुमालाखालीं. धरलेल्या बोटांची संख्या हा आंकडा, सबंध पंजा म्हणजे पांच, आणि आंकडा शेंकड्याचा कीं हजाराचा हें जनावर पाहूनच दोघांस ठाऊक असतें. आम्हीं भोळेपणानें भाव विचारला तेव्हां म्हातारा हंसला. "भाव तोंडानं सांगायचा नस्तो, सर." ही गुप्तता कशासाठीं, असा प्रश्न नवख्यास पडतो. कारण असें आहे कीं हेडीच्या दावणीस दहा बैल असतात. एकाचा भाव उघड झाला तर उरलेल्या नवांस गिऱ्हाईक त्याच मापानें मोजूं लागतें. रुमालामुळें प्रत्येक बैलाचा सौदा स्वतंत्र राहतो.

या बोटांच्या भाषेची बोलण्यांतली बहीण म्हणजे नंदभाषा. ती मुख्यतः वाणी-दलालांची. तींत एकास केवली, दोहोंस अवारू, तिहींस उधानू, चोहोंस पोकू, पांचांस मुळू आणि दहांस अंगुळू म्हणतात. या शब्दांच्या जुनेपणास एक चांगला आधार आहे. विसोबा खेचरांच्या नांवावर सांगितल्या जाणाऱ्या एका अभंगांत शिवाचें वर्णन याच आंकड्यांनीं केलेलें आहे. वदनें मुळू, नेत्र उधानू, हात अंगुळू. विसोबा हे नामदेवांचे गुरु. अभंग खरोखर त्यांचा असेल तर हा बाजारी शब्दसंग्रह यादवकाळापर्यंत मागें जातो. त्यांचा नसला तरी तो लिहिणाऱ्यास व ऐकणाऱ्यांस हे शब्द परिचित होते हें निश्चित. आमच्या मतें बैलाच्या इतिहासाचें साधन तें हें. राजाचें नांव शोधीत बसण्यापेक्षां 'आदत', 'दुसा', 'हेडी', 'वानेरा', 'शेवरा' हे शब्द कोणत्या जुन्या कागदांत प्रथम भेटतात हें शोधावें. १७२४ नंतर हा मुलूख निजामाकडे गेला व १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांतच राहिला. त्यामुळें पुण्याच्या दफ्तरांत माळेगांवाविषयीं फारशी आशा धरूं नये. कागद पाहावयाचे ते हैदराबादचे, आणि फारसी-उर्दू जाणणाऱ्या तरुणांनीं.

कागद थांबतील, पण माणसें थांबणार नाहींत. २०१२ च्या पशुगणनेंत देशांतील गोवंशापैकीं नर सुमारें ६ कोटी ७९ लाख होते. २०१९ च्या गणनेंत ते सुमारें ४ कोटी ७४ लाख भरले. सात वर्षांत दोन कोटींहून अधिक घट. नांगरणी ट्रॅक्टरकडे गेली. २०१५ सालीं महाराष्ट्रांत बैलाच्या कत्तलीसहि बंदी झाली, तेव्हांपासून थकल्या बैलास गिऱ्हाईक मिळत नाहीं ही तक्रार बाजारांत आम्हांस पुष्कळांनीं सांगितली. २०२२ सालीं लंपी चर्मरोगाच्या सांथीमुळें राज्यांतील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. बैल कमी झाले म्हणजे ते पारखणारे कमी होतात, आणि पारखणारे गेले म्हणजे शब्द जातात. प्रदर्शनानें लाल कंधारीचा रंग राखला जाईल. रुमालाखालची बोली राखण्याची सोय तेथें नाहीं. आमच्या मंडळानें दोन-तीन कार्यकर्ते टांचणवह्या देऊन पुढील जत्रेस पाठवावे, व जुन्या हेड्यांकडून एकेक शब्द त्याच्या अर्थासह टिपून घ्यावा, अशी चालकांस विनंति आहे. याला ताम्रपटाच्या छापापेक्षां खर्च कमी लागेल.

सूर्य मावळतां मावळतां म्हाताऱ्याचा सौदा तुटला. हेडीनें इसार म्हणून कांहीं रक्कम हातावर ठेवली, बाकीची मोजून दिली, आणि बैलाच्या कपाळास भंडारा लावला. म्हाताऱ्यानें आपला कासरा सोडून गुंडाळून खांद्यावर टाकला. घेणाऱ्यानें नवा बांधला. मग दोघे पावती करण्यास गेले. तेथें कारकुनानें बैलाचा रंग, शिंगें व दांत विचारून लिहिले आणि शेवटीं किंमत विचारली. म्हातारा व हेडी यांनीं एकमेकांकडे पाहिलें, व हेडीनें एक आंकडा सांगितला. तो कारकुनानें लिहून घेतला. रुमालाखालीं ठरलेला आंकडा तोच होता कीं नाहीं, हें आम्हीं पुन्हां विचारलें नाहीं.